मुंग्यांचा हिवाळा

हिवाळ्यात मुंग्या काय करतात? गोष्टीच्या पुस्तकातले उत्तर आहे : उन्हाळ्यात साठवलेले दाणे खातात. मुंग्या पाळण्याविषयीची विलायती पुस्तके सांगतात : झोपतात; म्हणून पाळलेल्या राणीलाही काही महिने थंडीत ठेवावे. बुलडाणा जिल्ह्यातल्या वरवट बकालच्या एखाद्या वर्गात हाच प्रश्न विचारला, तर मुले तिसरेच उत्तर देतील : गुळाच्या डब्याभोवती फिरतात! ही तिन्ही उत्तरे खरी आहेत. मात्र ती वेगवेगळ्या प्रदेशांतल्या, वेगवेगळ्या जातींच्या मुंग्यांची आहेत. हे कळायला सव्वाशे वर्षे लागली, आणि त्यातला एक दुवा पुण्यात सापडला.

इसापाच्या गोष्टीतल्या मुंग्या हिवाळ्यात ओले झालेले धान्य वाळवत असतात. ही गोष्ट ग्रीसमधली. 1747 मध्ये विल्यम गूल्ड या इंग्रज धर्मगुरूने इंग्लंडातल्या मुंग्यांवर पुस्तक लिहिले. मुंग्यांची घरे तपासल्यावर त्याला ना कोठार दिसले, ना दाणा. थंडीत मुंग्या गारठून निश्चल पडतात, मग त्यांना धान्य हवे कशाला? 1810 मध्ये स्वित्झर्लंडच्या प्येर ह्यूबरनेही तसेच लिहिले. दोघांची निरीक्षणे अचूक होती. पण त्यांवरून ‘मुंग्या धान्य साठवतात ही जुन्या लोकांची भाबडी समजूत’ असे मत युरोपात रूढ झाले. थंड देशातल्या काही जातींवरून साऱ्या जगातल्या मुंग्यांचा निकाल लागला.

विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी. मुंबई सरकारसाठी तो दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करीत होता. 1829 च्या पावसाळ्यात पुण्याच्या परेडच्या मैदानाजवळ पडीक जमिनीवर त्याला गवताच्या बियांचे लहान लहान ढीग दिसले. शेकडो मुंग्या जमिनीखालच्या कोठारातून भिजलेल्या बिया वर आणून उन्हात वाळत घालीत होत्या. इसापाच्या मुंग्यांचे काम ते हेच! साइक्सने या मुंगीला ‘प्रॉव्हिडन्स’, म्हणजे पुढची तजवीज करणारी, असे नाव दिले आणि 1835 मध्ये तिचे वर्णन लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. पुढे जॉन ट्रॅहर्न मॉग्रिज याने दक्षिण फ्रान्समधल्या मांताँ गावी मुंग्यांची कोठारे खणून पाहिली. 1873 मध्ये त्याचे पुस्तक आल्यावर वाद मिटला.

आता राणीकडे वळू. सर जॉन लबक हे लंडनचे बँकर, पार्लमेंटचे सभासद आणि डार्विनचे शेजारी. काचांच्या दोन तावदानांमध्ये माती भरून ते मुंग्या पाळत. ऑगस्ट 1876 मध्ये बागेत उडणाऱ्या मिर्मिका जातीच्या मुंग्यांच्या दोन जोड्या पकडून त्यांनी ओलसर माती, अन्न व पाणी देऊन वेगळ्या ठेवल्या. हिवाळाभर त्या ठणठणीत राहिल्या, पण अंडी मात्र घातली नाहीत. पहिली अंडी दिसली एप्रिल 1877 मध्ये, आणि पहिली कामकरी मुंगी कोषाबाहेर आली जुलैमध्ये. कामकरी मुंग्यांच्या मदतीवाचून राणी वसाहत उभारू शकते, हे यातून सिद्ध झाले. लबक यांच्याकडची दुसऱ्या एका जातीची राणी तर 1874 पासून 1888 पर्यंत जगली.

ऑगस्ट ते एप्रिल हे आठ महिने राणी थांबली, ती केवळ गारठ्यामुळे नव्हे. लेनिनग्राडच्या किप्यात्कोव्ह यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिर्मिका मुंग्यांवर प्रयोग करून दाखवले, की दिवस लहान होऊ लागले की राणी अंडी घालणे थांबवते. शरीरात चरबी साठलेली असते. थंडीत श्वसन मंदावते, त्यामुळे ती चरबी पुरते. काही काळ थंडी मिळाली की राणी पुन्हा अंडी घालू लागते. अशा राणीला ऊबदार खोलीत ठेवले तर साठा व्यर्थ जळतो. विलायती पुस्तकातला सल्ला तिच्यापुरता योग्यच आहे.

वरवट बकालला मात्र तो लागू पडत नाही. सातपुड्याच्या पायथ्याकडच्या या भागात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री थंड असतात, पण दुपारी चांगले ऊन पडते. येथल्या बऱ्याच जातींच्या मुंग्या गारठ्यात मंदावतात, दुपारी पुन्हा कामाला लागतात. त्यांच्या राणीला शीतकपाटात महिनोन्‌महिने ठेवणे तिच्या जिवावर बेतू शकते. येथे जपायचे ते मे महिन्यात, जेव्हा पारा चाळिशी ओलांडतो.

पहिल्या पावसानंतर पंख गळालेली एखादी मुंगळ्याची राणी सापडली, तर काचेच्या नळीत तळाशी पाणी आणि त्यावर घट्ट कापसाचा बोळा घालून तिला ठेवा. तोंडाशी सैल बोळा लावा आणि नळी अंधारात, सावलीत ठेवा. पहिल्या कामकरी मुंग्या येईपर्यंत तिला अन्न लागत नाही. पंखांचे स्नायू आणि चरबी यांवर ती निभावते. मुलांना रोजचे तापमान आणि अंड्यांची संख्या वहीत लिहायला सांगा, आणि ही नोंद हिवाळाभर चालू ठेवा. वरवट बकालच्या राणीचा हिवाळा कसा असतो, हे लंडनच्या पुस्तकातून नव्हे, त्या वहीतून कळेल.