एका वर्षाची परीक्षा

सरकारी कामानिमित्त बंगळुरास येऊन राहिलेल्या मराठी मंडळींना तेथील भारतीय विज्ञान संस्था निदान बाहेरून तरी परिचित असते. जमशेटजी टाटा यांच्या संकल्पनेतून, म्हैसूर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर १९०९ साली स्थापन झालेल्या या संस्थेला गावातील लोक अजूनही ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात. शास्त्रीय पद्धती कशाला म्हणावे, याचा एक मोलाचा धडा १९३३ साली एका मराठी मुलीच्या निमित्ताने येथे घडला.

कमला भागवत यांचा जन्म १९११ सालचा, इंदूरचा. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनज्ञ असून याच संस्थेचे विद्यार्थी होते. मुंबई विद्यापीठाची बी.एस्‌सी. परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्यावर कमलाबाईंनी येथे अर्ज केला. त्या वेळी संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर वेंकट रामन. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एवढेच, की अर्जदार स्त्री होती. कमलाबाई बंगळुरास येऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या व नकाराचे कारण विचारू लागल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे राहील. कामाचा दर्जा पटेपर्यंत त्याला मान्यता मिळणार नाही. आणि त्यांच्यामुळे पुरुष सहकाऱ्यांचे चित्त विचलित होता कामा नये.

संशोधन हे स्त्रीचे काम नव्हे, हे त्या काळी पुष्कळांना स्वयंसिद्ध वाटत असे. शास्त्राच्या भाषेत ते केवळ एक गृहीतक होते, आणि ते कोणी पडताळून पाहिलेले नव्हते.

श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली कमलाबाईंनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास आरंभिला. हा विषयही पडताळणीचाच होता. डेन्मार्कच्या केल्डाल याने १८८३ साली सांगितलेल्या रीतीने अन्नातील नत्र मोजावयाचे, त्याला सव्वासहाने गुणावयाचे आणि येणाऱ्या आकड्यास प्रथिन म्हणावयाचे, असा प्रघात होता. कारण प्रथिनांत नत्राचे प्रमाण सामान्यतः शेकडा १६ असते. परंतु सगळेच नत्र प्रथिनांत असते, असे कोठे आहे? सुट्या अमिनो आम्लांसारख्या लहान रेणूंतही ते असते. तेव्हा अमुक डाळ किती पौष्टिक हे ठरविण्यापूर्वी प्रथिनेतर नत्र वेगळे काढून मोजले पाहिजे. कडधान्यांतील या प्रथिनेतर नत्रावरील भागवत–श्रीनिवासय्या यांचा निबंध १९३५ साली प्रसिद्ध झाला. ज्या देशात असंख्य माणसांचे प्रथिन वरणातून व उसळीतूनच येते, तेथे या हिशेबाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

वर्ष संपले. रामन यांनी काम पाहिले, ते त्यांना पटले आणि कमलाबाईंचा प्रवेश नियमित झाला. पुढे संस्थेचे दारही स्त्रियांना उघडले. आपल्या मताविरुद्ध पुरावा समोर येताच रामन यांनी तो मानला, हे न्यायाने नमूद केले पाहिजे.

तेथून कमलाबाई केंब्रिजला गेल्या. श्वसनात प्राणवायूचा उपयोग करून घेण्यास साहाय्य करणारे सायटोक्रोम हे द्रव्य तेथेच केलिन यांनी १९२५ साली नव्याने प्रकाशात आणले होते. बटाट्यावर काम करताना कमलाबाईंनी दाखविले, की वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी हेच कार्य करते. प्राणी आणि वनस्पती वरून कितीही भिन्न दिसोत, पेशीच्या आत दोघांची रीत एक आहे, हे जीवशास्त्राचे मूलतत्त्व त्यातून अधिक दृढ झाले. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली.

विवाहानंतर कमला सोहोनी या नावाने त्यांनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत कडधान्यांतील ट्रिप्सिन-रोधकांवर संशोधन केले. कच्च्या कडधान्यांतील ही द्रव्ये प्रथिनांच्या पचनास अडथळा करतात. शिजविल्याने त्यांचा जोर पुष्कळसा मोडतो. आता हे सिद्ध कसे करावयाचे? केवळ कच्चा दाणा तपासून भागत नाही. तोच दाणा शिजवून, बाकी सर्व परिस्थिती सारखी ठेवून, दोन्ही शेजारी शेजारी तपासावे लागतात. तुलनेवाचून निष्कर्ष नाही, हा प्रयोगशास्त्राचा पहिला नियम होय.

हाच नियम १९३३ च्या त्या परीक्षेस लावला, तर तिच्यातील उणीव दिसते. त्या वर्षी आलेल्या पुरुष विद्यार्थ्यांवर, ते पुरुष आहेत म्हणून, अशी अट कोणी घातली नव्हती. वर्षभर पारखले गेले ते एकाच बाजूस. कमलाबाईंनी त्या परीक्षेत यश मिळविले खरे, पण ती एकतर्फी होती हे त्या विसरल्या नाहीत. त्या अटींचा सल त्यांनी उतारवयातही उघड बोलून दाखविला. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

प्रयोगशाळेत कसोशीने पाळलेला नियम माणसांची पारख करताना मोठमोठ्यांकडूनही सुटतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या हाती नेमणुका, बढत्या आणि परिवीक्षेचे शेरे असतात. असा शेरा लिहिताना हीच कसोटी दुसऱ्यासही लावली होती काय, एवढा एक प्रश्न विचारण्यास प्रयोगशाळेची गरज नाही.