सांध्याची फट आणि माझी चूक

आमच्या देवगाव रंगारीकडून लासूर स्टेशन जवळ. मनमाड–हैदराबाद ही लाइन पूर्वी मीटरगेज होती. रुळाशेजारचा दांडा ओढून सांधा कसा बदलायचे, हे समजायला मी चालत्या मॉडेलकडे वळलो. पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहेच. मोजमाप मात्र मी एका मित्राच्या मॉडेलवर घेतलं. सांध्याची फट मोजली, ८७ ने गुणली, टिपणात लिहिली.

मार्गदर्शकांनी विचारलं, "चाकाची कड मोजलीस का?"

इथंच फसलो होतो. ब्रॉडगेजवर सरकता रूळ साधारण ११५ मिमी सरकतो. १:८७ प्रमाणात ते जेमतेम १.३ मिमी. पण मॉडेलच्या चाकाची कड प्रमाणापेक्षा जाड असते, म्हणून फट मुद्दाम मोठी ठेवतात.

पान खोडलं. मॉडेल साधन म्हणून जरूर वापरा; आधी विचारा, ते चालावं म्हणून काय बदललंय?