चार दिवसांचं निमंत्रण

१८ जुलै १९७९ ला राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डींनी यशवंतराव चव्हाणांना बोलावून घेतलं आणि सरकार बनवता येतं का पाहा, म्हणून सांगितलं. २२ तारखेला यशवंतरावांनी जमत नसल्याचं कळवलं. मधल्या दिवसांत कराडच्या चहाच्या हॉटेलांत दुसरा विषय नव्हता. मी तेव्हा कॉलेजात होतो. साहेब पंतप्रधान होणार, असं छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटत. माझे आजोबा मात्र म्हणाले, "त्यो मोजल्याबिगर पाऊल टाकायचा न्हाई. आन् मोजलं, की टाकायचाच न्हाई."

आजोबा संयुक्त महाराष्ट्र समितीचे. नेहरू की संयुक्त महाराष्ट्र असा प्रश्न आला तर आपण नेहरूंच्या बाजूला राहू, असं यशवंतराव १९५५ साली फलटणला म्हणाले होते. ते आजोबांनी मरेपर्यंत माफ केलं नाही. पण आजोबांचं ते मोजण्याचं वाक्य निम्मंच खरं होतं, असं मला आता वाटतं. हाती अधिकार असला, की हा माणूस झटकन निर्णय घेई. तो मिळवायचा असला, की थांबे.

१ सप्टेंबर १९६५ ला पाकिस्तानी रणगाडे छांबमध्ये घुसले. हवाई दल वापरायचं की नाही, हा साधा प्रश्न नव्हता. लढाई पसरण्याची भीती होती. हवाई दलप्रमुख अर्जन सिंग संरक्षणमंत्र्यांच्या दालनात आले आणि यशवंतरावांनी काही मिनिटांत होकार दिला. त्याच संध्याकाळी विमानं छांबवर होती. हे मंत्रिपदही त्यांच्याकडे भलत्या वेळी आलं होतं. चीनपुढे फौज मागे हटत होती, आधीचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन पायउतार झाले होते, आणि २१ नोव्हेंबर १९६२ ला यशवंतराव सूत्रं हाती घेतात तोच चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं आपण अजून अभिमानाने सांगतो. सह्याद्री पोचला तेव्हा गोळीबार थांबत आला होता, हे सांगत नाही. खरं काम पुढच्या तीन वर्षांत, मोडलेलं सैन्य उभं करण्यात झालं.

त्याआधी महाराष्ट्रातही अधिकार हाती आल्यावर तेच झालं होतं. द्विभाषिक मुंबई राज्याचा मुख्यमंत्री कोण, यासाठी १९५६ साली भाऊसाहेब हिरे समोर उभे होते. मुख्यमंत्री मोरारजी देसाई बाजूला झाले होते आणि त्यांचं वजन यशवंतरावांच्या पारड्यात होतं. यशवंतराव मोठ्या फरकाने जिंकले. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसला झोडपलं. हे स्वतः कराडातून जेमतेम वाचले. गंमत अशी, की या मराठी मुख्यमंत्र्याचं सरकार टिकलं ते गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या आमदारांवर. ३० नोव्हेंबर १९५७ ला नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा वाटेवर काळी निशाणं घेतलेली माणसं दाटली होती. आजोबा पसरणी घाटात होते. तो दिवस गोळीबाराविना पार पडला, याचं श्रेय आजोबा समितीच्या शिस्तीला देत, मी थोडं मुख्यमंत्र्यालाही देतो. लोकांच्या मनात काय आहे, ते नेहरूंनी पाहिलं. १ मे १९६० ला राज्य झालं. पाठोपाठ जिल्हा परिषदांचा कायदा आला. कलेक्टरला परिषदेबाहेर ठेवण्याचं धाडस त्यात होतं. विरोधकांतली चांगली माणसं हेरून ती आपल्यात ओढायची, याला यशवंतराव बेरजेचं राजकारण म्हणत. इथे प्रत्येक तालुक्यात त्यांना नावानिशी माणूस ठाऊक होता, म्हणून ती बेरीज जमत गेली.

दिल्लीत तसे तालुके नव्हते. पंतप्रधान शास्त्रीजी ताश्कंदला वारले तेव्हा यशवंतराव तिथेच होते. परतल्यावर पंतप्रधानपदासाठी त्यांचंही नाव घेतलं जात होतं. त्यांनी वारा पाहिला आणि इंदिराबाईंना पाठिंबा दिला. १९६९ ला बंगळूरच्या बैठकीत राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीसाठी त्यांचं मत मोरारजी, कामराज आणि स. का. पाटलांबरोबर संजीव रेड्डींना पडलं. पण पक्ष फुटला तेव्हा ते इंदिराबाईंकडे राहिले. पुढच्याच वर्षी त्यांचं गृहखातं गेलं आणि अर्थखातं आलं. आणीबाणीत ते परराष्ट्रमंत्री होते. राजीनामा दिला नाही, जाहीर विरोध केला नाही. साहेबांबद्दल कितीही ओढ असली तरी इथे माझ्याकडे बचाव नाही.

म्हणजे १९७९ च्या जुलैत सगळी जुनी खाती एकदम उघडली होती. ज्यांच्या मंत्रिमंडळात यशवंतराव १९५२ साली पहिल्यांदा मंत्री झाले, त्या मोरारजींच्याच सरकारवर त्यांनी विरोधी पक्षनेता म्हणून अविश्वास ठराव मांडला. जनता पक्षातून खासदार गळू लागले आणि १५ तारखेला मोरारजींनी राजीनामा दिला. आता बोलावणारे राष्ट्रपती होते तेच रेड्डी. १९६९ साली आधी त्यांच्या बाजूने हात वर करून यशवंतराव पुढे दुसऱ्या गोटात राहिले होते. आणि आकडा जुळवायचा तर इंदिराबाईंचं दार टाळता येत नव्हतं, ज्यांची साथ यांनी १९७८ साली सोडली होती. चार दिवसांत कोणाकोणाची समजूत काढणार? यशवंतरावांनी पंतप्रधानपदासाठी चरणसिंगांना पाठिंबा दिला आणि स्वतः उपपंतप्रधान झाले. इंदिराबाईंनी आधार काढून घेतल्यावर ते सरकार लोकसभेला सामोरं न जाताच २० ऑगस्टला पडलं.

त्यांनी स्वतः हे कसं पाहिलं, ते त्यांच्या आत्मचरित्रात येत नाही. 'कृष्णाकाठ' १९४६ ला, मुंबईला निघण्यापाशी थांबतं. पुढचे खंड झालेच नाहीत.

सातारकरांनी १९८० साली त्यांना पुन्हा लोकसभेवर पाठवलं. नंतर ते इंदिराबाईंच्या पक्षात परतायला निघाले, तर त्यांना बरंच ताटकळत ठेवलं गेलं. हे कराडात फार लोकांना लागलं. आजोबांनासुद्धा, हे विशेष. "मानसानं असं उभं ऱ्हाऊ ने कुनाच्या दारात," एवढंच ते बोलले.

मग १९८२ ला त्यांना आठव्या वित्त आयोगाचं अध्यक्षपद मिळालं. अडगळीत टाकलं, असा गावात सूर होता. मला तसं वाटत नाही. केंद्राच्या करांतला किती वाटा राज्यांना द्यायचा आणि तो राज्याराज्यांत कसा वाटायचा, हे ठरवणारा तो आयोग. मुख्यमंत्री म्हणून त्यांनी केंद्राकडे पैसे मागितले होते आणि अर्थमंत्री म्हणून राज्यांना नाही म्हटलं होतं. या कामाला दोन्ही बाजूंनी बसलेला माणूसच हवा होता, आणि १९८४ साली, मृत्यूच्या काही महिने आधी, त्यांनी ते पुरं केलं.