चिचुंद्री, तांबडी माती आणि माझी एक चूक

परवा रात्री स्वयंपाकघरात चिचुंद्री निघाली. भिंतीच्या कडेकडेने चुकचुकत मोरीकडे पळाली आणि सूनबाई "उंदीर, उंदीर" म्हणून ओरडल्या. मी म्हटले, हा उंदीर नव्हे. उंदीर कुरतडणारा, ही किडे-झुरळे खाणारी. वासामुळे मांजरही तिला सहसा तोंड लावीत नाही. असो.

त्यावरून एक जुनी गोष्ट आठवली. सोयगावला शाळेत मी इतिहास-भूगोल शिकवीत असे. अजिंठ्याचा डोंगर समोरच. "हा सारा लाव्हारसाचा दगड, यात जीवाश्म सापडायचे नाहीत," असे दरवर्षी ठासून सांगे. एका वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "सर, आमच्या विहिरीत दोन काळ्या दगडांच्या मधी तांबडी माती लागली. ती कुठून आली?" मला ठाऊक नव्हते. "खाली बस," म्हणालो आणि धडा पुढे नेला.

उत्तर मला निवृत्तीनंतर वाचनात मिळाले. लाव्हा एकदाच आला नाही. थरांवर थर पसरले आणि मध्ये मोठे विसावे गेले. तेवढ्यात दगड झिजून माती होई, कुठे तळी साचत, झाडे उगवत; मग पुढचा लाव्हा सारे झाकून टाकी. तळ्यांच्या गाळात मात्र जीवाश्म राहिले. नागपूरजवळ टाकळीला अशा गाळाचा अभ्यास स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने केला. ते 1845 मध्ये नागपूरला आले आणि 1863 मध्ये रात्री ओढा ओलांडताना बुडून वारले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे.

पुढे 1988 मध्ये जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी आजच्या तेलंगणातील नस्कल येथील अशाच गाळातून सापडलेल्या एका सस्तन प्राण्याचे वर्णन केले. (नस्कल आणि सोयगाव, दोन्ही एके काळी निजामाच्याच राज्यात!) हाती आले होते ते दात, तेही मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे. गाळ पाण्यात भिजवून, चाळणीने गाळून, सूक्ष्मदर्शकाखाली निवडावे लागतात. नाव ठेवले डेक्कनोलेस्टेस हिस्लॉपी. दख्खन आणि हिस्लॉप, दोघेही त्यात आले.

वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे. म्हणजे डायनासोरांचा अखेरचा काळ. दिसायला चिचुंद्रीसारखा, पण खरी चिचुंद्री नव्हे. त्या फार नंतरच्या. पुढे मिळालेल्या घोट्याच्या हाडांवरून तो झाडावर चढणारा असावा असे 1994 मध्ये मांडले गेले. त्याच्या जवळच्या नात्यातले प्राणी मोरोक्कोत आणि बेल्जियममध्ये सापडले आहेत, डायनासोर संपल्यानंतरच्या थरांत. म्हणून या कुळाचा उगम दख्खनमध्ये झाला आणि ते पुढे आफ्रिका-युरोपात गेले, असे काही संशोधकांनी 2010 मध्ये सुचवले. भारत तेव्हा आशियाला जोडलेलाही नव्हता. मग हे चिमुकले जीव समुद्र कसे ओलांडून गेले, यावर वाद आहे.

युरोपातल्या खऱ्या चिचुंद्र्यांची गोष्टही रंजक आहे. हंगेरीतल्या बेरेमेंड गावावरून नाव पडलेली बेरेमेंडिया आजच्या चिचुंद्र्यांच्या मानाने चांगलीच थोराड होती, आणि तिच्या दातांवरून ती विषारी असावी असेही म्हणतात.

विहिरीतल्या तांबड्या मातीत जीवाश्म असतीलच असे नाही. पण ती माती म्हणजे एका विसाव्याची खूणच होती. तो मुलगा आता पुण्याला असतो म्हणे. त्याच्या भावाकडून फोन नंबर मागवला आहे.