विजोड चेहऱ्यांची इंजिने

१९९०च्या सुमारास मुलुंडच्या फलाटावर लोकलची वाट पाहताना आमच्यासारख्या मुलांचा एक ठरलेला खेळ असे. जलद मार्गावरून पुण्याची गाडी धडधडत गेली, की इंजिनावर लिहिलेला वर्ग वाचायचा. डब्ल्यूसीएम-१, डब्ल्यूसीएम-२, डब्ल्यूसीएम-५. यातील डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, सी म्हणजे एकदिश (डी.सी.) विद्युतप्रवाह आणि एम म्हणजे प्रवासी व माल अशा दोन्ही गाड्या ओढणारे. एक आणि दोन या अंकांवरून आम्ही ठरवून टाकले होते, की ही दोन्ही इंजिने आपल्याच मार्गासाठी लागोपाठ घडवलेली सख्खी भावंडे आहेत. ही समजूत चुकीची होती, हे कळायला बरीच वर्षे गेली.

एखादे यंत्र नुसते पाहून त्याचा इतिहास कितपत सांगता येतो? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आधी इंग्लंडमधील एक उदाहरण घेऊ. ते आपल्याला अगदीच परके नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तिची इंजिने लँकेशायरमधील व्हल्कन फाउंड्री या कारखान्यात तयार झाली होती. शंभर वर्षांनंतर, १९५४-५५ साली आलेली डब्ल्यूसीएम-१ ही सात विजेची इंजिनेही याच कारखान्याची. तो कारखाना १९५५ साली इंग्लिश इलेक्ट्रिक या समूहात सामील झाला आणि ब्रिटिश रेल्वेसाठी डिझेल इंजिने मोठ्या संख्येने बांधू लागला.

त्यांपैकी एक वर्ग पुढे ‘क्लास ३७’ या नावाने ओळखला गेला. १९६० ते १९६५ या काळात अशी ३०९ इंजिने बांधली गेली. त्यांतील काही डार्लिंग्टनच्या कारखान्यात झाली. प्रत्येक इंजिनाला दोन्ही टोकांना ड्रायव्हरची केबिन आणि तिच्यापुढे बसके नाक असे. पहिल्या ११९ इंजिनांच्या नाकात मधोमध एक दार होते. दोन इंजिने जोडली, तर या दारातून एकीतून दुसरीत जाता यावे ही कल्पना. मध्ये दार आल्यामुळे गाडीचा संकेतक्रमांक दाखवणारी दिव्याची पेटी दुभागून दाराच्या दोन्ही बाजूंना बसवावी लागली. पुढील इंजिनांत दार काढून टाकले गेले आणि मधोमध एकच रुंद पेटी आली. म्हणजे एकाच वर्गाच्या इंजिनांना दोन वेगवेगळे चेहरे मिळाले.

आता समजा, पहिल्या प्रकारचे एखादे इंजिन समोरासमोर धडकले आणि त्याची एक केबिन चेपली. बाकीचे यंत्र शाबूत असताना सारे इंजिन मोडीत काढणे परवडणारे नसते. वर्कशॉपमध्ये चेपलेला भाग कापून काढतात, सांगाडा सरळ करतात आणि जो नमुना मिळेल त्या नमुन्याचा नवा भाग जोडतात. तारा आणि ब्रेकच्या नळ्या पुन्हा जुळवतात. अशा दुरुस्तीनंतर काही इंजिने एका टोकाला दोन पेट्यांची आणि दुसऱ्या टोकाला एका पेटीची झाली. पुढून पाहिले तर एक इंजिन, मागून पाहिले तर दुसरेच!

हे शक्य का झाले, याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष जरूर वेधावे. दोन्ही केबिनींचे रूप वेगळे असले, तरी जिथे त्या धडाला मिळतात तिथली मापे आणि जोडण्या जुळवता येण्याजोग्या होत्या. भाग एकमेकांसारखे दिसण्याची गरज नसते. जोडावर त्यांचे जमले म्हणजे झाले. शिवाय १९७६च्या जानेवारीपासून ब्रिटनमध्ये इंजिनांवर संकेतक्रमांक दाखवण्याची पद्धतच थांबली. त्यानंतर पेट्यांचे काम उरले नाही, मग त्या जुळवण्याची घाई कोणाला असणार?

इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र हा विजोडपणा फार उपयोगी पडतो. इंजिनाच्या एका टोकाला नंतरच्या नमुन्याचे नाक दिसले, म्हणजे त्या टोकाला काहीतरी घडले होते, हे कळते. तारीख नसलेल्या जुन्या छायाचित्रात त्याच टोकाला जुने नाक असेल, तर छायाचित्र दुरुस्तीच्या आधीचे. विसंगती हाच येथे पुरावा असतो. जुन्या इंजिनांची डागडुजी करताना ते ‘मुळासारखे’ करण्याच्या हौसेने हे नाक बदलले, तर इंजिन देखणे होईल, पण अपघाताची आणि दुरुस्ती करणाऱ्या कामगारांची खूण पुसली जाईल.

आता मुलुंडच्या फलाटावर परत येऊ. डब्ल्यूसीएम-२ ची १२ इंजिनेही इंग्लिश इलेक्ट्रिकचीच, १९५६-५७ सालची. पण ती मुंबईसाठी नव्हतीच. ती कोलकात्याच्या पूर्व रेल्वेसाठी, ३,००० व्होल्ट दाबाच्या एकदिश प्रवाहावर चालण्यासाठी घडवली होती. याच सुमारास भारतीय रेल्वेने २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती (ए.सी.) प्रवाह स्वीकारला आणि कोलकात्याची ३,००० व्होल्टची व्यवस्था पुढे गुंडाळली गेली. मग ही इंजिने मुंबईत आली. पण १९२५ साली मुंबईत विजेची गाडी सुरू झाली, तेव्हापासून येथील दाब १,५०० व्होल्ट होता.

दाब निम्मा झाला, तर तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी प्रवाह दुप्पट लागतो. आणि तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे त्याच तारेत ती चौपट होते. त्यामुळे असे रूपांतर म्हणजे नुसते एक बटण फिरवणे नव्हे. मोटारींची जोडणी, तारा आणि स्विच या सर्वांचा पुन्हा विचार करावा लागतो.

येथे ब्रिटिश उदाहरणाच्या नेमके उलटे झाले. तिकडे चेहरा बदलला आणि यंत्र तेच राहिले. इकडे मोठा बदल झाला तो पोटात. फलाटावरून तो दिसणे शक्यच नव्हते, म्हणून आम्ही फसलो.

असा न दिसणारा बदल नोंदला गेला नाही, तर काय होते, याचा अनुभव पुढे आम्हाला प्रयोगशाळेत आला. एका परदेशी वीजपुरवठा यंत्रावर ‘११० व्होल्ट’ असे लिहिलेले होते. आम्ही इमानाने दाब कमी करून ते जोडले. सर्व मापने निम्मी येऊ लागली. दोन दिवस डोके खाजवल्यावर झाकण उघडले. कोणीतरी पूर्वीच आतला ट्रान्सफॉर्मर बदलून २३० व्होल्टचा बसवला होता. वरची पट्टी तेवढी जुनीच राहिली होती आणि वहीत एक ओळही नव्हती.

मुंबईच्या इंजिनांचेही आता असेच होण्याची भीती आहे. अंधेरी-बोरिवलीच्या पश्चिम मार्गावरील एकदिश प्रवाह २०१२ साली संपला, घाटकोपर-मुलुंडच्या मार्गावरील २०१५ साली आणि हार्बर मार्गावरील २०१६ साली. या प्रवाहावर चालणाऱ्या इंजिनांचे कामच त्याबरोबर संपले. मोडीत गेलेल्या इंजिनाचे झाकण उघडून पाहता येत नाही. उरतात त्या कारखान्यातील नोंदवह्या आणि ज्यांनी ती हाताळली त्यांच्या आठवणी.

रेल्वेतून निवृत्त झालेले फिटर, वायरमन, मोटरमन आपल्या उपनगरांत आजही राहतात. कित्येक जण आपल्या विद्यार्थ्यांचे आजोबा असतील. शाळेत एखादा उपक्रम घ्या. मुलांनी त्यांना विचारावे: कोणता भाग कशामुळे बदलला? जुना का मिळाला नाही? नवा कसा बसवला? उत्तरे तारखांसह वहीत उतरवावीत. आणि त्याच आठवड्यात शाळेच्या प्रयोगशाळेतील दुरुस्त झालेल्या प्रत्येक उपकरणावर एक चिठ्ठी चिकटवावी: काय बदलले, केव्हा, कोणी.