एक अनुस्वार जास्त

भवभूतीची ती गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. 'उत्तररामचरित' लिहून पुरे झाले, तेव्हा भवभूतीने ते कालिदासाकडे पाठवले. कालिदास सोंगट्या खेळण्यात गुंग होता. खेळता खेळताच त्याने सारे नाटक ऐकून घेतले आणि शेवटी एवढेच म्हटले, "नाटक उत्तम आहे, पण एका श्लोकात एक अनुस्वार जास्त झाला आहे." भवभूतीने तो अनुस्वार काढून टाकला आणि श्लोकाचा अर्थ एकदम खुलला. पाठशाळांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेलेली ही गोष्ट मलाही माझ्या शाळेत एका मास्तरांनी सांगितली, आणि पुढे मीही ती पुष्कळ मुलांना रंगवून सांगितली.

गोष्ट सुंदर आहे, यात शंका नाही. फक्त ती घडणे शक्य नव्हते. कालिदासाचा काळ बहुतेक पंडित इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकात धरतात. भवभूती आठव्या शतकातला. कनोजच्या यशोवर्म्याच्या पदरी तो होता असे कल्हणाची 'राजतरंगिणी' सांगते. दोघांच्या मध्ये तीनशे वर्षांचे अंतर आहे. सोंगट्यांचा डाव कितीही रंगला तरी इतका लांबत नाही!

तरी अशा गोष्टींचा आपल्याकडे काय तोटा? सोळाव्या शतकातल्या बल्लाळाने 'भोजप्रबंध' रचला आणि कालिदास, बाण, भवभूती अशा सगळ्यांना अकराव्या शतकातल्या भोजराजाच्या दरबारात एका ओळीने बसवून टाकले. लोकांना कवी हवे होते, त्यांच्या जन्मतिथी नको होत्या. या गोष्टींच्या रानातून वाट काढून, 'हे खरे, हे नुसते ऐकीव' असे सांगण्याचे काम चरित्रकारांच्या वाट्याला आले. मराठीत हे काम ज्यांनी आरंभी केले, त्यांत विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे नाव पुढे येते. 'निबंधमाला'कार म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. पण १८७४ साली माला सुरू होण्याच्या आधीच, बी. ए. झालेल्या या विशी-बाविशीच्या तरुणाने 'शालापत्रका'त संस्कृत कवींवर लेख लिहायला घेतले होते. कालिदास, भवभूती, बाण, सुबंधू आणि दंडी असे ते पाच कवी. 'शालापत्रक' पुढे १८७५ साली बंद पडले. लेख मात्र 'संस्कृत कविपंचक' या नावाने पुस्तकरूपाने टिकले आणि पुन्हा पुन्हा छापले गेले.

शास्त्रीबोवांचा आवडता ग्रंथकार डॉक्टर जॉन्सन. त्याच्यावर त्यांनी 'निबंधमाले'त विस्ताराने लिहिले आहे. हा जॉन्सनही एके काळी शाळामास्तर होता, आणि त्याची शाळा चालली नाही. १७७७ साली लंडनच्या पुस्तकविक्यांनी जुन्या इंग्रज कवींच्या कविता नव्याने छापायचे ठरवले आणि प्रत्येक कवीच्या आरंभी थोडी माहिती लिहून द्यावी म्हणून ते जॉन्सनकडे गेले. म्हाताऱ्याने अवघ्या दोनशे गिन्या मागितल्या. लिहायला बसल्यावर मात्र प्रस्तावना वाढत गेल्या आणि १७७९ ते १७८१ या काळात बावन्न कवींची चरित्रे तयार झाली. नव्या छपाईला जोड म्हणून मागवलेला मजकूर मूळ कवितांहून जास्त वाचला गेला. त्या बावन्नांतल्या कित्येकांची नावे आज केवळ जॉन्सनने लिहिले म्हणून उरली आहेत.

पण जॉन्सनचे कवी त्याच्या आधीच्या शे-सव्वाशे वर्षांतले होते. त्यांना पाहिलेली माणसे, त्यांची पत्रे, त्यांची उधारी, सारे हाताशी होते. ज्याचे गाव ठाऊक नाही, शतकही ठाऊक नाही, त्या कवीचे चरित्र लिहायचे तरी कसे?

याची रीत पाहण्यासारखी आहे. पहिली साक्ष कवीची स्वतःची. भवभूती आपल्या नाटकांच्या प्रस्तावनांत दक्षिणेतले आपले पद्मपूर सांगतो, आजोबा भट्टगोपाल, वडील नीलकंठ, आई जातुकर्णी अशी नावे देतो. बाणभट्ट तर 'हर्षचरिता'च्या आरंभी सारी कर्मकथाच सांगतो. शोण नदीकाठचे गाव. लहानपणीच गेलेली आई. आईच्या मायेने वाढवणारे वडील, तेही तो चौदा वर्षांचा असताना गेले. मग हा पोरका मुलगा नाना तऱ्हेच्या सोबत्यांचा मेळा जमवून देशोदेशी उंडारला. पुढे हर्षाच्या भेटीला गेला, तर राजाने भर सभेत त्याच्या वागणुकीवर टोमणा मारला. बाणाने तोही लिहून ठेवला. स्वतःचा अपमान ज्याने झाकला नाही, त्याच्या बाकीच्या सांगण्यावर विश्वास बसतो.

दुसरी साक्ष इतरांची. कालिदास स्वतःविषयी अवाक्षर काढत नाही. पण बाण त्याची स्तुती करतो, म्हणजे तो बाणाच्या आधीचा. आणि तिसरी साक्ष दगडाची व तांब्याची. कर्नाटकात ऐहोळे येथे एका जैन मंदिराच्या भिंतीवर रविकीर्ती नावाच्या कवीने चालुक्य पुलकेशीचा पराक्रम कोरवला आणि त्याबरोबर कालिदास व भारवी यांच्या कीर्तीशी स्वतःची तुलना करून घेतली. शके ५५६, म्हणजे इसवी सन ६३४. रविकीर्तीला मिरवायचे होते स्वतःला. पण त्याच्या त्या बढाईने कालिदासाला खालची मर्यादा घालून दिली. भोजाच्या दरबारातून कालिदास कायमचा उठला तो या अशा पुराव्यांमुळे.

हे सगळे इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण माझी एक फजिती आहे. काही वर्षांपूर्वी संस्कृतचे शिक्षक रजेवर असताना नववीचा तास माझ्याकडे आला. तयारीसाठी मी ग्रंथालयातून प्राचीन कवींच्या चरित्रांचे एक पुस्तक घेतले. कोरे करकरीत, गुळगुळीत कागदाचे, आतल्या पानावर ताजे साल. त्यात वाचले तसे मी वर्गात ठासून सांगितले, "कालिदासाने 'मालविकाग्निमित्रा'त ज्याचे नाव आदराने घेतले, त्या भासाचे एकही नाटक आज मिळत नाही. फक्त नाव उरले."

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी तोंड न उघडणारी. म्हणाली, "बाई, आमच्या आजोबांकडे आहे."

"काय आहे?"

"भासाचं नाटक. 'स्वप्नवासवदत्त'."

वर्ग हसला. खरे सांगायचे तर मीही हसले. "आजोबांना विचार, दुसऱ्या कोणाचं असेल," असे म्हणून तिला खाली बसवले. दुसऱ्या दिवशी तिने वर्तमानपत्रात गुंडाळलेले ते पुस्तक न बोलता माझ्या टेबलावर आणून ठेवले. पहिल्याच पानावर भासाचे नाव होते.

त्या रात्री मी शोध घेतला. माझे ते 'नवे' पुस्तक शंभर वर्षांहून अधिक जुने होते. नवा होता तो फक्त कागद. मूळ लेखकाने लिहिले तेव्हा ते अक्षरशः खरे होते; भासाची नाटके त्या वेळी कोणाच्याच हाती नव्हती. त्रिवेंद्रमचे गणपतिशास्त्री केरळात हस्तलिखिते धुंडाळत हिंडले, तेव्हा ताडपत्रांवर मल्याळी लिपीत त्यांना ती नाटके गवसली, आणि १९१२ पासून तेरा नाटके छापून निघाली. ती सगळीच भासाची की काय, यावर पंडितांत वाद आहे. पण 'एकही मिळत नाही' हे वाक्य त्या सालापासून शिळे झाले होते. पुन्हा छापणाऱ्याने मूळ साल गाळले, दोन ओळींची टीपही दिली नाही. लेखक बिचारा खोटे बोलला नव्हता. त्याच्या मागे त्याच्या तोंडून ते बोलवून घेतले गेले. आणि पुढे माझ्याही.

जुनी चरित्रे पुन्हा छापू नयेत असे मी मुळीच म्हणणार नाही. ती छापलीच पाहिजेत. शास्त्रीबोवांच्या लेखांतला तो आवेश, 'आमच्याही कवींकडे पाहा' हा ताठा, तो नव्याने कोण लिहील? पण शास्त्रीबोवांनी लिहिले त्यानंतर जमिनीतून आणि माळ्यांवरून किती तरी वर आले. दंडीचे उदाहरण घ्या. १९२४ साली 'अवंतिसुंदरीकथा' छापून निघाली आणि कांचीच्या पल्लवांशी जोडलेले त्याचे घराणे, दामोदर नावाचा त्याचा पणजा, यांचा पत्ता लागला. कालिदासाचेही तेच. एका तांबट कुटुंबाने वडिलोपार्जित ठेव म्हणून जपलेल्या ताम्रपटातून समजले, की विदर्भातल्या वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. रिद्धपूरच्या ताम्रपटात रामगिरीच्या स्वामींचा उल्लेख आला. हे धागे जुळवत महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशींनी १९३४ साली 'कालिदास' लिहिले आणि 'मेघदूता'तला रामगिरी म्हणजे आपले नागपूरजवळचे रामटेक, असे मांडले. कोणाला ते पटो न पटो. पण १८७२ साली हे ताम्रपट हाती नव्हते, एवढे तरी वाचकाला कळायला नको का?

यावर उपायही आपल्याच घरात आहे. ठाण्याचे वि. ल. भावे १९२६ साली वारले. त्यांच्या 'महाराष्ट्र सारस्वता'ची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा डॉ. शं. गो. तुळपुळ्यांनी मूळ मजकुराला पुरवणी जोडली. भाव्यांचे शब्द भाव्यांचे राहिले. त्यांच्यानंतर सापडलेले तुळपुळ्यांनी आपल्या नावावर, आपल्या जबाबदारीवर सांगितले. वडिलांच्या घराच्या भिंती न पाडता शेजारी एक खोली काढावी, तसे. मृत ग्रंथकाराचा मान राखायचा आणि जिवंत वाचकाला फसवायचे नाही, या दोन्ही गोष्टी एकाच बांधणीत बसतात.

विष्णुशास्त्री १७ मार्च १८८२ रोजी गेले. वय बत्तीसही पुरे नव्हते. पाच कवींची चरित्रे लिहिणाऱ्याचे चरित्र पुढे धाकट्या भावाला, लक्ष्मणशास्त्र्यांना लिहावे लागले. आणखी दहा-वीस वर्षे आयुष्य मिळते, तर 'कविपंचका'ची नवी आवृत्ती त्यांनी स्वतःच दुरुस्त केली असती, आणि आपल्या जुन्या चुकांवर कोरडे ओढायलाही कमी केले नसते.

असो. त्या मुलीचे पुस्तक मी दोन दिवसांनी परत केले. त्याआधी भर वर्गात सांगितले, की माझे चुकले, हिचे बरोबर होते. मुले पुन्हा हसली. या वेळी माझ्याकडे पाहून. ती मात्र हसली नाही. "बाई, आजोबा म्हणाले, ठेवून घ्या थोडे दिवस, वाचून होईपर्यंत," एवढेच बोलली. मी ठेवून घेतले, आणि पहिल्यांदा ते नाटक मुळापासून वाचले.

तेव्हापासून माझी एक सवय झाली आहे. कोणतेही जुने पुस्तक नव्या कपड्यांत हाती आले, की मी आधी त्याचे जन्मसाल हुडकते आणि पहिल्या पानाच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने लिहून ठेवते. ग्रंथपाल कुरकुरतात. भवभूतीची गोष्टही मी अजून सांगते. सांगून झाल्यावर मध्ये तीनशे वर्षे आहेत हेही सांगते. मुलांचा रस काही कमी होत नाही. उलट एकाने मागे विचारले, "मग बाई, तो अनुस्वार काढला कोणी?"

त्याचे उत्तर मला अजून कोणत्याच आवृत्तीत सापडलेले नाही.