हिस्लॉप यांचे कागद आणि लिंगोचं गाणं

संदर्भयादीत आपण लेखकाचं नाव लिहितो, संपादकाचंही लिहितो. पण ज्याच्या तोंडून मजकूर मिळाला, त्याचं काय? माझ्या विषयाच्या वाचनात हा प्रश्न सारखा येतो, म्हणून आज स्टीफन हिस्लॉप यांच्याबद्दल.

१८१७ साली स्कॉटलंडमधल्या डन्स गावी त्यांचा जन्म झाला. १८४५ मध्ये ते मिशनरी म्हणून नागपूरला आले, पुढच्या वर्षी शाळा काढली. आजचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. शाळा सांभाळून त्यांनी नागपूर परिसरातले खडक आणि जीवाश्म अभ्यासले आणि गोंडी शब्द, चालीरीती, गाणी टिपून ठेवली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळं पाहून परतताना ते पुराच्या पाण्यात बुडाले. टिपणं तशीच राहिली.

मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी ते कागद संपादित करून १८६६ मध्ये छापले. त्यातलं मोलाचं म्हणजे लिंगोचं गाणं. महादेवाने गुहेत कोंडलेल्या गोंडांना लिंगो सोडवतो, त्यांची कुळं लावून देतो. मूळ गोंडी शब्द रोमन लिपीत आणि सोबत इंग्रजी अर्थ, अशी मांडणी आहे. मूळ शब्द दिले म्हणूनच आज आपण अर्थ पडताळू शकतो. पाचच वर्षांनी, १८७१ मध्ये, जेम्स फॉरसाइथ यांनी हीच कथा इंग्रजी पद्यात घातली. ती वाचायला सोपी, पण गोंडी शब्द त्यात उरले नाहीत.

आता आपल्या भागाकडे या. सालेकसा तालुक्यातलं कचारगड १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात होतं, आता गोंदियात आहे. गोंड समाज तिथली गुहा हीच लिंगोकथेतली गुहा मानतो. माघ पौर्णिमेला यात्रा भरते, लांबलांबून लोक येतात. म्हणजे कथा १८६६ च्या पुस्तकात बंद झालेली नाही, ती अजून चालू आहे.

हे गाणं परंपरेने जपलं ते प्रधान गायकांनी. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मात्र नावं दोनच, हिस्लॉप आणि टेंपल. गाणं कोणी, कुठे, कोणासमोर म्हटलं यावर पाठ बदलतो. सांगणारा पुसला गेला की तुलना करायची कशाशी?

म्हणून फील्डवर्कला निघाल तेव्हा वहीच्या पहिल्या ओळीत सांगणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख लिहा. नाव छापायचं की नाही हे त्यालाच विचारा. आणि वही दुसऱ्याला वाचता येईल अशी ठेवा. हिस्लॉप यांचे कागद टेंपल यांना वाचता आले, म्हणून तर ते आपल्यापर्यंत पोचले.